मे महिन्यातली छाटणी

(दृश्य: सोसायटीचं गेट, गाड्या बाहेर काढायची गडबड)

मे महिना लागला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर एक कागद हमखास चिकटतो. उद्या झाडांची छाटणी आहे, सभासदांनी सकाळी आठच्या आत गाड्या बाहेर काढाव्यात. आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजून गेले तरी तीन गाड्या जागच्या जागी, एकाचा फोन लागत नाही, दुसरा गावी गेलाय, तिसऱ्याचं म्हणणं की माझ्या गाडीवर फांदी येतच नाही. वॉचमन बिचारा जिने चढून-उतरून दमलाय. टेम्पोतून दोरांची वेटोळी उतरली, चेन सॉमध्ये पेट्रोल भरून झालं, पोरं चहा पितायत.

आज इथे दोन कामं आहेत. गेटजवळच्या गुलमोहराची छाटणी करायची आणि मागच्या बाजूचा वाळलेला रेन ट्री पूर्ण काढायचा.

(दृश्य: फुललेला गुलमोहर, खाली कमिटीची मंडळी)

गुलमोहर ऐन बहरात आहे, आणि नेमका आत्ताच त्याच्यावर करवत चालणार, कारण पावसाळा तोंडावर आलाय. सेक्रेटरी साहेबांची सूचना सरळ आहे. "वरून सगळं उडवून टाका, म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं बघायला नको." ही सूचना मुंबईत, पुण्यात, ठाण्यात, जिथे जाल तिथे ऐकू येते, आणि झाडांचं जेवढं वाटोळं ह्या एका वाक्याने केलंय तेवढं वादळांनी तरी केलंय का, शंकाच आहे.

होतं काय, की झाड बोडकं केलं तर त्याची पानं जातात, म्हणजे त्याचं स्वयंपाकघरच बंद पडतं. मग ते घाईघाईने साठवलेलं सगळं खर्चून कापलेल्या टोकांवर झुपक्याने नवीन फुटवे काढतं. दोन वर्षांत झाड परत हिरवंगार, लोक खूश. पण हे फुटवे सालीजवळून निघालेले असतात, जुन्या फांदीसारखे आतपर्यंत रुजलेले नसतात, आणि खालचं कापलेलं लाकूड तोपर्यंत कुजायला लागलेलं असतं. म्हणजे वर वजन वाढतंय आणि खाली पकड कमी होतेय. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात तीच फांदी गाडीवर येते, आणि मग मिटिंगमध्ये ठरतं की हे झाडच धोकादायक आहे, काढून टाका.

(दृश्य: वर चढलेला माणूस, फांदी आणि खोडाचा सांधा जवळून)

आता वर बघा. कमरेला पट्टा, डोक्यावर हेल्मेट, एक दोर स्वतःसाठी आणि दुसरा फांदीसाठी. ही फांदी मांडीएवढी जाड आहे, इमारतीच्या खिडकीकडे गेलीय. तो ती एका घावात कापत नाहीये. पहिला काप खालून, खोडापासून हातभर अंतरावर, पाव जाडीपर्यंतच. दुसरा काप वरून, त्याच्या थोडा बाहेरच्या बाजूला. फांदी मोडून खाली गेली, पण साल खोडापर्यंत फाटली नाही, कारण खालच्या कापाने तिला अडवलं. नुसती वरून कापली असती तर ती पडताना खोडाची पण वीतभर साल सोलून घेऊन गेली असती, असं सोललेलं खोड रस्त्यारस्त्यावर दिसतं.

उरला तो खुंट. हा तिसरा काप सगळ्यात महत्त्वाचा. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगीर, सुरकुतलेली वळी दिसतेय ना, तिच्या अगदी बाहेरून काप घ्यायचा. वळीच्या आत गेलात तर झाडाला जखम बंद करायचं सामानच काढून घेतलंत, आणि लांब खुंट ठेवलात तर तो कुजून कीड आत जायला रस्ता तयार. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अॅलेक्स शिगो ह्यांनी चेन सॉने हजारो झाडं उभी चिरून आतलं लाकूड तपासलं आणि दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड कुजलेला भाग आतल्या आत भिंती घालून कोंडून टाकतं आणि बाहेरून नवीन लाकूड वाढवतं. म्हणून कापावर ऑइल पेंट फासायचा उत्साह पण आवरलेला बरा. त्याने कूज थांबत नाही, आपल्याला फक्त काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

आणि किती कापायचं, तर एका वेळेला फांद्या-पानांच्या पसाऱ्याच्या पाव भागापेक्षा जास्त नाही. वाळक्या, एकमेकींना घासणाऱ्या, तारेवर गेलेल्या फांद्या आधी. सेक्रेटरी साहेब खालून बघतायत, त्यांना वाटतंय पैशाच्या मानाने काम कमी झालं.

(दृश्य: झाडाच्या बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक)

पण गुलमोहर पडतो तो नुसता फांद्यांमुळे नाही, खाली बघा. बुंध्याला अगदी खेटून पेव्हर ब्लॉक बसवलेत, वीतभर माती पण ठेवली नाही. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि आडवी पसरतात, पसाऱ्याच्याही बाहेर जातात. तिथे पाणी नाही, हवा नाही, वरून गाड्या उभ्या. त्यात कोणी ड्रेनेजची लाइन टाकायला एका बाजूने चर खणला की त्या बाजूची मुळं कापली गेली, आणि हे कोणाच्या लक्षात पण नसतं, चार वर्षांनी झाड दुसऱ्या बाजूला कलंडलं की सगळे वाऱ्याला दोष देतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. मीटरभर म्हणजे फार नाही हो, एका स्कूटरच्या पार्किंगएवढी जागा.

वारा अर्थात खराच. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदवला गेला, त्याच्या आदल्या वर्षी 3 जूनला निसर्ग वादळाने रायगड आणि दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. अशा वाऱ्यात धडधाकट झाड पण जातं. प्रश्न असतो तो साध्या जुलैच्या पावसात पडणाऱ्या झाडांचा. बुंध्याशी अळंबी उगवली असेल, एका बाजूला माती उचलल्यासारखी झाली असेल, खोडावर ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर पावसाची वाट बघू नका.

नारळाचं जरा वेगळं. त्याला छाटणी अशी नसतेच, वाळक्या झावळ्या आणि नारळ उतरवायचे, बस. शेंडा एकच, तो गेला की झाड गेलं. खोडातून तपकिरी चिकट पाणी येत असेल तर आत सोंड्या भुंग्याच्या अळ्या पोखरत असू शकतात, आणि बाहेरून झाड बरेच दिवस सरळसोट दिसतं. 2017 च्या जुलैमध्ये चेंबूरला रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड पडलं आणि त्या गेल्या.

(दृश्य: मागच्या बाजूचा रेन ट्री, वाळलेल्या फांद्या)

आता मागचा रेन ट्री. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा, पण मुंबईच्या रस्त्यांना सावली दिली ती ह्यानेच, माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सला जाऊन उभं राहा म्हणजे कळेल. साधारण 2013 च्या सुमारास मिलीबग नावाच्या किडीने शहरातले कितीतरी रेन ट्री वाळवले. हा पण पार सुकलाय, बुंध्याशी साल हाताने निघतेय.

सुकलेला असला तरी आपल्या मनाने तोडता येत नाही. महाराष्ट्राचा 1975 चा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा कायदा आहे, त्याप्रमाणे झाड तुमच्या कंपाउंडमध्ये असलं तरी परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची. वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात अर्ज, फोटो, मग पाहणी, झाडावर नोटीस, कोणाची हरकत आली तर ती ऐकायची. विनापरवानगी तोडलं तर दंड आहे, कैद पण होऊ शकते. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज ठरवलं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची असं घातलं. कल्पना चांगली, पण साठ वर्षांच्या झाडाबदली साठ रोपं ह्या पेव्हर ब्लॉकमध्ये लावणार कुठे, हे कमिटीला विचारा, सगळे एकमेकांकडे बघतील.

(दृश्य: दोराने खाली येणारा ओंडका, खाली टोपी घातलेला माणूस)

मोकळ्या माळावर झाड पाडायचं म्हणजे पडायच्या बाजूला खाच, मागून काप, मधे थोडं लाकूड बिजागरीसारखं ठेवलं की झाड सांगितल्या दिशेला जातं. इथे दोन्ही बाजूंना इमारत, वरून केबल, पाडायला जागाच नाही. म्हणून वरून खाली, तुकड्या-तुकड्याने. प्रत्येक ओंडक्याला आधी दोर, दोराला खाली खोडाभोवती दोन-तीन वेढे, वरच्याने कापलं की खालचा हळूहळू सोडतो. खालच्याचं लक्ष जरा हललं तर तो ओंडका पहिल्या मजल्याच्या ग्रिलमधून आत. वाळलेली फांदी वजन घेत नाही, केव्हाही तुटते, म्हणून मेलेलं झाड काढणं जिवंतापेक्षा जास्त जोखमीचं. मॉल, हॉटेलं, आयटी पार्कवाले वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट देतात, विमा बघतात, कागद बघतात. सोसायटीत तीन कोटेशन मागवतात आणि सगळ्यात स्वस्त घेतात, ज्याच्याकडे हेल्मेट पण नसतं.

मधेच काम थांबलंय. वरच्याने हात केला, शेजारच्या हिरव्या झाडाच्या फांदीत बगळ्याचं घरटं आहे, दोर तिथूनच जाणार होता. बगळ्यांची घरटी आणि अंडी 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, आणि ह्यांचा विणीचा काळ आपल्या छाटणीच्या काळातच येतो. दोर दुसऱ्या बाजूने बांधायचा ठरलं, अर्धा तास गेला, खालून कोणीतरी ओरडलं की जेवायच्या आत संपवा.

दुपारी दोनपर्यंत कंबरेएवढं खोड उरलं. ओंडके वखारीच्या टेम्पोत, पाला वेगळ्या ढिगात, तो खताला ठेवा म्हणून सांगून झालंय, पण बहुतेक कचऱ्याच्या गाडीतच जाईल. हिशोब चालू असताना सेक्रेटरी साहेब हळूच पार्किंगवरच्या जांभळाकडे बोट दाखवतात. "माणसं आलीच आहेत तर हे पण घ्या काढून, जांभळं पडून गाड्या खराब होतात, वरचे पैसे देतो."

मुकादम परवानगीचा कागद उलगडून त्यांच्यापुढे धरतो.

"ह्यात जांभूळ नाहीये साहेब."