पोपट काय म्हणाला?

(दृश्य : अंधारा दिवाणखाना. लोखंडी तिजोरी. खिडकीशी पिंजरा.)

पलाशीच्या लढाईचं पलाशी आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतं. त्याच पलाशीजवळच्या एका खेड्यात, जुन्या वाड्यात, एक म्हातारे गृहस्थ राहतात. हेरकथांचा भारी नाद. त्यांच्या तिजोरीला किल्ली नाही, आकडे फिरवावे लागतात. आणि नेमके आकडेच ते विसरलेत.

घरात एक पोपट आहे. तो एकच वाक्य बोलतो : 'त्रिनयन, ओ त्रिनयन, एकटु जिरो.' म्हणजे, अरे त्रिनयना, जरा विसावा घे.

कलकत्त्याहून एक तरुण गुप्तहेर बोलावला जातो. नाव प्रदोषचंद्र मित्तिर, पण सगळे त्याला फेलूदा म्हणतात. सोबत त्याचा चुलतभाऊ तोपशे. आकडे शोधून दिले, तर एमिल गाबोरिओ या फ्रेंच लेखकाची चार पुस्तकं बक्षीस. सत्यजित राय यांनी १९७५मध्ये लिहिलेली ही गोष्ट, 'घुरघुटियार घटना'.

ज्यांना ती आधी वाचायची असेल त्यांनी इथे व्हिडिओ थांबवावा. पुढे आम्ही कुलपं उघडत सुटणार आहोत.

(दृश्य : पोपटाचं वाक्य पडद्यावर. एकेक तुकडा वेगळा होतो, खाली आकडे उमटतात.)

'त्रि' म्हणजे तीन. 'नयन'च्या पोटात 'नय' आहे, बंगालीतला नऊ. 'ओ' हा शून्याचा गोल. पुन्हा त्रि, पुन्हा नय. मग 'एकटु'. बंगालीत त्याचा अर्थ 'थोडंसं', पण मधून तोडून इंग्रजी कानाने ऐकला की एट आणि टू, आठ आणि दोन. राहिला 'जिरो'. बंगाली माणूस विसावा घ्यायलाही 'जिरो' म्हणतो आणि इंग्रजी शून्यालाही 'जिरो'च म्हणतो, कारण त्याच्या तोंडी दोन्ही 'ज' सारखेच.

३९०३९८२०. तिजोरी उघडली.

आता हाच पोपट मराठीत आणून बसवा. आपल्या 'नयन'मधून नऊ निघत नाही. 'एकटु' हा शब्दच आपल्याकडे नाही. आणि 'जिरो' म्हटलं की आपलं फक्त जेवण जिरतं. अनुवादकाने करायचं काय? अर्थ सांभाळला तर आकडे हातचे जातात. आकडे सांभाळले तर पोपट काहीतरीच बरळायला लागतो. मराठीत फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादातून घरोघरी पोहोचला. त्या पुस्तकांकडे बघताना मला नेहमी वाटतं, खरा गुप्तहेर अनुवादकच.

(दृश्य : 'संदेश' मासिकाची जुनी मुखपृष्ठं.)

फेलूदा जन्मला एका मुलांच्या मासिकात. 'संदेश' हे मासिक सत्यजित राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी १९१३मध्ये सुरू केलं. मध्ये ते बंद पडलं. १९६१मध्ये नातवाने, सुभाष मुखोपाध्याय या कवीच्या सोबतीने, ते पुन्हा उभं केलं. १९६५च्या डिसेंबरात त्यात फेलूदाची पहिली कथा आली.

मासिकाचं नावही साधं नाही बरं. बंगालीत संदेश म्हणजे निरोप, आणि संदेश म्हणजे छेन्याची मिठाई. मुलांच्या हातात महिन्याच्या महिन्याला एक शब्द पडायचा, ज्याचे अर्थ दोन. ज्या घरात मासिकाचं नाव असं ठेवतात, त्या घरातला हेर पिस्तुलापेक्षा शब्दकोश जास्त वापरणार, यात नवल नाही. फेलूदाची स्वतःची टिपणवहीसुद्धा कुलूपबंद असते : भाषा इंग्रजी, अक्षरं ग्रीक. तोपशेने चोरून उघडली तरी त्याला ओ की ठो कळत नाही.

आपला फास्टर फेणे याच्या अगदी उलट. फुरसुंगीचा हा बनेश पायांनी आणि सायकलने संकटातून सुटतो, टॉक् करून. भा. रा. भागवतांनी त्याला पळायला लावलं, म्हणून तो आवडतो. फेलूदा एका जागी बसून शब्द कुरतडतो.

(दृश्य : जंगल. जुना कागद. सहा ओळींचं पद्य.)

पण बंगाली कुलूप मराठी हाताने उघडतच नाही असं नाही. 'रॉयल बेंगॉल रहस्य' या कथेत उत्तर बंगालच्या जंगलाकाठचं एक जमीनदार घराणं आहे. पूर्वजाने मागे सहा ओळींचं कोडं ठेवलंय, आणि त्यात पुरलेल्या धनाचा पत्ता आहे. सगळं कोडं वाचून दाखवत नाही, तीन खुणा तेवढ्या सांगतो. व्हिडिओ थांबवा आणि स्वतः बघा.

पहिली खूण : दिशा जबाबात मिळेल.

जबाब म्हणजे काय? उत्तर. आणि उत्तर म्हणजे? झालं! बंगाली मुलाला जे सापडलं तेच सोलापूरच्या मुलाला सापडतं, एका अक्षराचीही फेरफार न करता.

दुसरी खूण : फाल्गुन आणि ताल यांची जोडी.

होळीचा महिना डोक्यात आला असेल, तर तिथेच फसलात. आकाशात कडाड्कन वीज वाजली की आजी काय पुटपुटायची ते आठवा : अर्जुनः फाल्गुनः पार्थः किरीटी श्वेतवाहनः... फाल्गुन म्हणजे अर्जुन. आणि अर्जुन हे झाडाचंही नाव. ताल म्हणजे ताड. दोन झाडं, त्यांच्यामधली जमीन. विजेला भिऊन पाठ केलेला श्लोक जंगलात जागा दाखवतो.

तिसरी खूण मला सगळ्यात आवडते : हात मोज, भात पाच.

भात म्हणजे अन्न. पाच म्हणजे पंच. पंच अधिक अन्न, पंचान्न. बंगालीत पंचावन्नाला 'पंचान्न' म्हणतात. म्हणून पंचावन्न हात. आपल्याकडे मधे एक 'व' आडवा येतो. पण जिभेवर दोनदा घोळवलं की तोही सरकतो. पंचान्न, पंचावन्न. हे कुलूप जरा गंजलेलं आहे, एवढंच. धक्का दिला की उघडतं.

म्हणजे जिथे कोडं संस्कृतात किंवा महाभारतात मुरलेलं आहे, तिथे आपली किल्ली लागते. जिथे ते रोजच्या बंगाली बोलण्यात लपलंय, तिथे आपण दाराबाहेर.

(दृश्य : पेटीसारखं सुरांचं वाद्य. बोटं पट्ट्यांवर थांबलेली.)

आणि एक कुलूप असं आहे, जे अर्धं लागतं. कथा 'समाद्दारेर चाबि'. चाबि म्हणजे आपली चावी. दोन्ही शब्द पोर्तुगीज जहाजांतून उतरले, एक हुगळीकाठी, एक कोकणात. राधारमण समाद्दार नावाचे संगीतवेडे गृहस्थ मरताना पुटपुटतात, 'माझ्या नावात... चावी.' घरात पैसा दडवलेला आहे, पण कुठे, ते कोणालाच माहीत नाही.

चावी खरोखर नावातच आहे. नावातली अक्षरं म्हणजे स्वर : रे, ध, रे, म... त्याच क्रमाने वाद्यावर वाजवले की वाद्याच्या पोटातला कप्पा उघडतो.

गाणं शिकणारं मराठी मूल 'राधारम'पर्यंत सहज जाईल. पुढे 'ण' आला की अडखळेल, आणि 'समाद्दार'मधल्या 'द'पाशी तर पेटी मिटूनच ठेवेल, कारण आपल्या सारेगमपधनीत 'द' नाहीच. बंगाली स्वरलिपीत मात्र कोमल धैवत 'द' असा लिहितात आणि कोमल निषाद 'ण' असा. आपल्याकडे भातखंडे पद्धतीत कोमल स्वराला वेगळं अक्षर नसतं, खाली आडवी रेघ ओढतात. सूर एकच. लिहायची रीत बदलली आणि चावी वाकडी झाली.

(दृश्य : महानुभाव पोथीचं पान. अनोळखी अक्षरं.)

गुप्त लिहिण्यात मराठी माणूस कच्चा होता असं समजू नका. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ बाहेरच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. भाषा मराठीच, पण अक्षरांना वेगळीच रूपं दिलेली. शतकं गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे त्या पोथ्या घेऊन बसले आणि सकळ लिपीची किल्ली त्यांनी शोधून काढली. मराठीतलं जुनं गद्य त्या कुलपाआड होतं. एवढं खरंखुरं कोडं घरात असताना त्यावर मुलांसाठी एखादी झकास रहस्यकथा मला अजून वाचायला मिळालेली नाही. हे मला खटकतं.

आणि शाळेच्या मागच्या बाकावर च-ची भाषा होतीच. पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं, त्याच्या जागी 'च' बसवायचा. कमळ झालं चमळक. गणपत झाला चणपतग. आमच्या वर्गात ती इतकी भरभर चालायची की बाईंना पत्ता लागत नाही, अशी आमची समजूत. बाईही लहानपणी तीच बोलल्या होत्या, हे वार्षिक संमेलनात कळलं.

(दृश्य : पुन्हा तीच खोली. तिजोरी वेगळी, चार आकड्यांची. पिंजऱ्यात पोपट, या वेळी मराठी.)

बंगाली पोपटाला आपण मराठीत आणू शकलो नाही. म्हणून आम्ही घरचाच एक पाळला. त्याला ना सारेगम येतं, ना महाभारत. मालकाला बघितलं की मान वाकडी करतो आणि एवढंच म्हणतो :

'आठवतंय? एकदा सातारी पेढे चारलेस!'

(दृश्य : तिजोरीची तबकडी. एक हात पुढे येतो.)