समुद्रातली बोट, नागपूरचा पूर

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. बचाव पथकांनी त्या दिवशी शहरात उतरवलेल्या हवेच्या बोटींच्याच जातीच्या बोटी तटरक्षक दलाच्या जहाजांवरही असतात. त्यांच्या कडांमध्ये हवेचे स्वतंत्र कप्पे असल्यामुळे एखादा कप्पा फाटला तरी बोट तरंगत राहते.

खोल समुद्रात मात्र संकटात सापडलेला माणूस आधी शोधावा लागतो. मच्छीमाराने तटरक्षक दलाच्या १५५४ या मदत क्रमांकावर केलेला फोन किंवा नौकेवरील यंत्राने उपग्रहामार्गे धाडलेला संदेश समन्वय केंद्रात पोहोचतो खरा. पण जहाज तिथवर जाईपर्यंत वारा आणि प्रवाह माणसाला दूर नेतात. म्हणून शेवटचे ठिकाण धरून तो कुठवर वाहत गेला असेल याचा अंदाज बांधला जातो आणि तिथून चौकोन वाढवत नेत शोध घेतला जातो. माणूस दिसला की जहाज वाऱ्याच्या बाजूला आडवे राहते आणि त्या आडोशाला लहान बोट उतरवली जाते.

नागपुरात माणसे गच्चीवरून हाका मारत होती. त्यांना शोधण्याची गरज नव्हती. अशा पुरात अडचण असते ती गढूळ पाण्याखाली. बुडालेली मोटार किंवा कुंपणाची तार इंजिनाच्या पंख्यात अडकू शकते, म्हणून अशा गल्लीत इंजिन वर उचलून वल्ही हाती घेणेच शहाणपणाचे. पाण्यातल्या माणसाजवळ जाताना बोट शक्यतो प्रवाहाच्या खालच्या अंगाने, नाक प्रवाहाकडे ठेवून नेतात आणि तो हाताच्या अंतरावर आला की पंखा थांबवतात. भिजलेल्या कपड्यांचे वजन पाण्याबाहेर येताच जाणवते. तेव्हा बुटक्या, मऊ कडेचा खरा उपयोग होतो. गुडघे टेकलेला जवान त्याच्या लाइफ जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्या धरतो आणि मागे झुकत त्याला आत ओढून घेतो.

विदर्भाच्या उन्हात एक वेगळी काळजी घ्यावी लागते, जी वरवर किरकोळ वाटते. तापलेल्या कप्प्यांतली हवा फुगते, म्हणून दुपारी जमिनीवर ठेवलेल्या बोटीतली थोडी हवा सोडावी लागते. तीच बोट थंड पाण्यात उतरवल्यावर सैल पडते आणि पंपाने पुन्हा हवा भरावी लागते.