अपडेटनंतर आरस्टुडिओ उघडत नाही तेव्हा

मंडळी, आर आणि आरस्टुडिओ ही दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत, इथून सुरुवात करू. आकडेमोड करतो तो आर. आरस्टुडिओ त्याला फक्त कामाची जागा पुरवतो. अपडेटनंतर पांढरा पडदाच दिसत राहिला, की बहुतेक जण आरस्टुडिओ अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकतात. त्यानं क्वचितच काही साधतं. तुमच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या फायली अनइन्स्टॉल करूनही जागच्या जागी राहतात, आणि खोट बहुधा तिथेच असते.

आधी नुसता आर उघडा. विंडोजवर स्टार्ट मेन्यूतून, मॅक-लिनक्सवर टर्मिनलमध्ये कॅपिटल आर टाइप करून. तो सुरू झाला नाही, तर त्याच कमांडपुढे दोन हायफन आणि व्हॅनिला हा शब्द जोडा. मग आर सुरुवातीच्या फायली वाचत नाही आणि मागच्या वेळी साठवलेला डेटाही उघडत नाही. असा तो चालला, तर आर धडधाकट आहे.

अशा वेळी पहिला संशय डॉट आरडेटा या फायलीवर घ्यावा. आर बंद करताना ‘वर्कस्पेस (म्हणजे त्या वेळचा सगळा डेटा) सेव्ह करू का’ला हो म्हटलं की ही फाइल तयार होते आणि पुढच्या वेळी आपोआप उघडली जाते. आता अपडेटचा संबंध बघा. पॅकेजचं, म्हणजे आरला जोडायच्या जादा सुविधांच्या संचाचं, फोल्डर आरच्या आवृत्तीच्या पहिल्या दोन आकड्यांवर ठरतं. ४.३.१ वरून ४.३.२ वर गेलात तर तेच फोल्डर, ४.३ वरून ४.४ वर गेलात की नवं, रिकामं. डॉट आरडेटातल्या एखाद्या वस्तूला जे पॅकेज हवं ते तिथे नसेल, तर साठवलेला डेटा परत आणता येत नाही असा संदेश देऊन आर बंद पडू शकतो. फाइल डिलीट करू नका, नाव बदला. विंडोजवर ती बहुधा डॉक्युमेंट्समध्ये असते. ते फोल्डर वनड्राइव्हनं हलवलं असेल तर तिथे शोधा. एक्स्टेन्शन लपवलेली असतील तर फाइल बिननावाची दिसते, म्हणून नजरेतून सुटते. पॅकेजेस टाकून झाल्यावर हीच फाइल लोड करता येते. पुढे मात्र आरस्टुडिओच्या ग्लोबल ऑप्शन्समध्ये ती आपोआप उघडण्याची खूण काढा आणि सेव्हच्या जागी ‘नेव्हर’ ठेवा.

डॉट आरप्रोफाइल ही आर सुरू होताना आपोआप चालणारी फाइल. तिच्यात साधी चूक असली तर आर सहसा उरलेल्या ओळी सोडून पुढे जातो. पण तिथून जुनं, कंपाइल केलेलं (म्हणजे यंत्राच्या भाषेत बदललेलं) पॅकेज लोड होत असेल तर आर कोसळूही शकतो. रिकामं फोल्डर बघून जुनी पॅकेजेस कॉपी करून टाकणारे पुष्कळ भेटतात. तो मोह टाळाच. २०२० मध्ये आलेल्या ४.० नंतर सगळी पॅकेजेस नव्यानं टाकावी लागली. २०२२ मधल्या ४.२ नं विंडोजवरची सी रनटाइम (कंपाइल केलेले प्रोग्रॅम ज्यावर चालतात ती लायब्ररी) बदलली, त्यामुळे आधीचं कंपाइल केलेलं भरवशाचं राहिलं नाही. जुन्या फोल्डरमधल्या नावांची यादी घ्या आणि पॅकेजेस नव्यानं इन्स्टॉल करा. डॉट आरएन्व्हायरन या सेटिंगच्या फायलीत जुन्या फोल्डरचा पत्ता लिहिलेला राहिला असेल तर तोही काढा.

आता दुसरी शक्यता: नुसता आर चालतो, आरस्टुडिओ अडतो. विंडोजवर कंट्रोल दाबून धरून आयकॉन उघडा. कोणता आर वापरायचा ते तो विचारेल. अनेकदा तो काढून टाकलेल्या आवृत्तीचा जुना पत्ता धरून बसलेला असतो. तरीही नाही उघडला, तर विंडोजवर लोकल ॲपडेटातल्या आरस्टुडिओ फोल्डरचं नाव बदला. मॅक-लिनक्सवर हे फोल्डर होममधल्या डॉट लोकल, शेअर या वाटेवर आहे. उघडे टॅब आणि अर्धवट सेशन तिथे असतात. सेव्ह न केलेल्या स्क्रिप्टही तिथेच असतात, म्हणून हेही डिलीट करायचं नाही. लॉग, म्हणजे चुकांची नोंद, हीही याच फोल्डरमध्ये सापडते, नाव बदलण्याआधी ती वाचून घ्या.

आर नवा आणि आरस्टुडिओ फार जुना असेल तर तो उघडतो, पण आरच्या ग्राफिक्स इंजिनची (आलेख काढणाऱ्या भागाची) आवृत्ती चालत नाही म्हणून प्लॉट्सचा टॅब बंद ठेवतो. तिथे आरस्टुडिओच नवा घ्यावा लागतो.