सोबतीचे कागद

(पहाट. पुण्यातल्या तळजाई टेकडीची वाट. दोन पाठमोऱ्या आकृती.)

काका ७४ वर्षांचे, मावशी ६८ च्या. दोघांचेही जोडीदार गेलेले. ओळख झाली ती याच वाटेवर, आणि गेली तीन वर्षं दोघं एका घरात राहतात. लग्न केलेलं नाही, करायचंही नाही. पुनर्विवाह केला तर मावशींचं कौटुंबिक निवृत्तिवेतन थांबेल. ते त्यांचं स्वतःचं उत्पन्न आहे, ते का सोडायचं?

(स्वयंपाकघर. दोन कप. ओट्यावर औषधांचा डबा.)

घर काकांच्या नावावर आहे. त्यांच्या मुलांनी मावशींना नाकारलं नाही. फक्त विचारलं, "बाबा, फ्लॅटचं काय?" प्रश्न रास्त होता. म्हणून काका वकिलांकडे गेले.

कायदा अशा नात्याला अगदीच अनोळखी नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'विवाहसदृश नातं' आलं आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कसोट्याही सांगितल्या. पण ते संरक्षण छळापासूनचं. वारसाहक्काच्या यादीत मावशी कुठेच नाहीत.

(वकिलांचं टेबल. कच्चा मसुदा, पेन्सिलच्या खुणा.)

बक्षीसपत्र करावं का? हाच फ्लॅट बायकोला किंवा मुलाला बक्षीस दिला, तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. मावशींना दिला, तर ते बाजारभावावर टक्क्यांनी लागणार. शिवाय नातेवाईक नसलेल्या माणसाकडून मिळालेलं बक्षीस ५० हजारांच्या वर गेलं की त्यावर प्राप्तिकर. तीन वर्षं एका ताटातलं खाणारी बाई कायद्याच्या लेखी 'नातेवाईक नसलेली'! हे बदलायला हवं. फ्रान्समध्ये १९९९ पासून लग्नाखेरीज सोबतीची वेगळी नोंदणी करता येते. आपल्याकडे प्रत्येक हक्कासाठी वेगळा कागद.

मग मृत्युपत्र. त्याला मुद्रांक शुल्क नाही, साधा कागदही चालतो. काकांनी लिहिलं: मावशींना हयातीपर्यंत या घरात राहण्याचा हक्क, त्यांच्यानंतर फ्लॅट मुलांचा. मुलांनी मसुदा वाचला आणि मान डोलावली.

(दुय्यम निबंधक कार्यालय, हवेली. बाकावर दाटीनं बसलेली माणसं.)

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. काकांना मात्र उद्या कुणी बोट दाखवायला जागा ठेवायची नव्हती. सोबत डॉक्टरांचा दाखला, मनःस्थिती ठीक असल्याचा. दोन साक्षीदार, दोघेही टेकडीवरचे सोबती. नाव पुकारलं जातं. छोट्या कॅमेऱ्यासमोर बसायचं, फोटो, मग अंगठा.

अंगठा उमटत नाही.

(यंत्राची काच. काकांचा अंगठा, जवळून.)

या वयात रेषा झिजतात. कारकून म्हणतो, "आजोबा, जरा दाबून." मावशी पर्समधून रुमाल काढतात, अंगठा पुसतात. पुन्हा. पुन्हा एकदा. चौथ्या वेळी उमटतो.

बँकेत काकांनी मावशींना नॉमिनी केलं आहे. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, रक्कम स्वीकारणारा विश्वस्त. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली विम्याबाबत हे सांगितलं, डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबतही. म्हणून ठेवींचा उल्लेखही मृत्युपत्रात आहे. हे कागद नसते, तर काकांच्या माघारी मावशींना घर सोडायला सांगता आलं असतं.

(नोटरीचं टेबल, दुपार.)

शेवटचा कागद वैद्यकीय इच्छापत्राचा. २०१८ साली न्यायालयाने त्याला मान्यता दिली. तेव्हा दंडाधिकाऱ्यांची सही लागायची. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. काका शुद्धीवर नसतील, तेव्हा उपचार थांबवायचे की नाही हे त्यांच्या वतीनं कुणी सांगायचं, त्याचं नाव इथे लिहायचं असतं.

काका मावशींचं पूर्ण नाव लिहितात. मधलं नाव त्यांच्या पहिल्या यजमानांचं, आडनावही त्यांचंच.

(काका चष्मा काढतात. मावशी खिडकीबाहेर बघतात.)