दुसऱ्या पायरीची लीग आणि तिची दारं

मंडळी, बेळगावच्या लेले मैदानावर संध्याकाळी फुटबॉलचा सराव करणाऱ्या पोराला विचारा, कुठवर खेळायचंय? तो लगेच आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग म्हणेल. आय-लीगचं नाव क्वचितच कुणी घेतं. पण देशातली दुसऱ्या पायरीची लीग तीच (2025-26 च्या हंगामापासून तिचं नाव इंडियन फुटबॉल लीग), आणि आपल्याकडून वर जायची वाट तिच्याच दारातून जाते. म्हणून आज त्या दारांबद्दलच बोलू.

इतिहास थोडक्यात. 1996-97 साली नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली, पहिलं विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटीनं घेतलं. पुढच्याच हंगामात दुसरी श्रेणी आली. 2007 साली नॅशनल लीगची आय-लीग झाली आणि पहिला विजेता ठरला आपल्या चोर्ला घाटापलीकडचा, गोव्याचा धेंपो. 2014 पर्यंत सरळ हिशेब होता: वरची लीग आय-लीग, खाली दुसरी श्रेणी, चांगलं खेळाल तर वर, वाईट खेळाल तर खाली. 2014 साली आयएसएल आली ती फ्रँचायझीची. तिथं शिरायला मैदानावरचे गुण उपयोगाचे नव्हते, पैसे लागत. काही वर्षं देशात दोन लीग शेजारी शेजारी चालल्या आणि वरची कोणती यावरच वाद होता. 2019 साली आशियाई फुटबॉल महासंघाच्या मध्यस्थीनं आराखडा ठरला. आयएसएल वरची झाली, आय-लीग दुसरी, आणि 2022-23 पासून आय-लीगच्या विजेत्याला फ्रँचायझी शुल्क न भरता वर जायची मुभा मिळाली. राउंडग्लास पंजाब त्या वर्षी गेला, पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मेडन. आयएसएलमधून खाली उतरायचं मात्र 2024-25 च्या हंगामापर्यंत घडलं नाही. वरून कुणी खाली यायचंच नाही, तर वर जागा तरी कशी होणार? माझ्या मते या सगळ्या रचनेतली सगळ्यात मोठी खोट हीच.

आता रचना बघू. 2024-25 ला बारा संघ होते. प्रत्येकानं उरलेल्या अकरांशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. म्हणजे प्रत्येकी 22 सामने, एकूण 132. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, म्हणून जास्तीत जास्त 66. त्याआधीच्या वर्षी तेरा संघ होते, 24 सामने. संघांची संख्या विषम झाली की दर फेरीत एक संघ रिकामा बसतो, सरावाची लय तुटते. तळाचे दोन संघ आय-लीग 2 मध्ये जातात, तिथले वरचे दोन इकडे येतात. तिच्याखाली 2023 पासून आय-लीग 3 आहे, आणि त्याखाली प्रत्येक राज्य संघटनेची लीग.

विजेता वर जातो असं म्हटलं तरी त्यापुढे परवान्याची चाळणी असते. क्लब लायसन्सिंगमध्ये पाच गोष्टी तपासतात: युवा संघ व खेळाची बाजू, मैदान, माणसं आणि प्रशासन, कायदेशीर कागदपत्रं, आणि जमाखर्च. लहान क्लब बहुतेक करून गोल कमी पडले म्हणून अडकत नाहीत. हिशेब तपासून घेतलेले नसतात, नाहीतर मैदानाचा करार कागदावर नसतो.

खाली उतरण्याची कारणंही नेहमी खेळातली नसतात. 2023-24 ला इंफाळचे नेरोका आणि ट्राऊ दोघेही उतरले. मणिपूर पेटलेलं असल्यानं त्यांना घरचे सामने राज्याबाहेर खेळावे लागले. आपलं मैदान नाही, आपले लोक नाहीत, तिकिटाचं उत्पन्न नाही आणि मुक्काम सतत परक्या गावात. बारा घरचे सामने हा लीगमधला निम्मा आधार असतो, तोच गेला.

मिझोरामच्या आयझॉलची गोष्ट उलटी. 2015-16 ला ते खाली गेले. पण धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब लीगच्या भवितव्यावर नाराज होऊन बाहेर पडले, जागा रिकामी झाली आणि आयझॉलला परत घेतलं. पुढच्याच हंगामात प्रशिक्षक खालिद जमीलच्या हाताखाली त्यांनी विजेतेपद मिळवलं: आयझॉल 37 गुण, मोहन बागान 36. धेंपो 2015-16 ला दुसरी श्रेणी जिंकून वर यायला पात्र होता, तरी त्यानं दार सोडलं, आणि परत यायला 2024-25 उजाडलं.

त्याच हंगामात कर्नाटकाचा एससी बेंगळुरूही वर आला, आय-लीग 2 जिंकून, आणि वर्षभरातच खाली गेला. वर चढताना जो संघ पुरतो तो 22 सामने, काश्मीर ते केरळ असा प्रवास आणि बाहेरच्या अनुभवी खेळाडूंपुढे पुरत नाही.

आता एक गोष्ट जवळून बघा, कारण ती गल्लीतल्या स्पर्धेतही घडते. जानेवारी 2025 मध्ये आय-लीगच्या सामन्यात पंजाबच्या नामधारीनं वाराणसीच्या इंटर काशीला 2-0 हरवलं. पण नामधारीचा एक खेळाडू कार्डांमुळे निलंबित असून उतरला होता. शिस्तपालन समितीनं सामना 3-0 असा काशीला दिला, अपील समितीनं तो निर्णय थांबवला. एप्रिलमध्ये हंगाम संपला तेव्हा गोव्याचा चर्चिल ब्रदर्स 40 गुण, काशी 39. ट्रॉफी चर्चिलच्या हातात. प्रकरण स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडे गेलं, काशीला ते तीन गुण मिळून 42 झाले. काशीच्या परदेशी खेळाडूच्या नोंदणीवरचा दुसरा वादही तिथंच निकाली निघाला आणि जुलैमध्ये विजेता काशी ठरला. मैदानावर हरलेल्या सामन्यानं विजेतेपद दिलं, आणि मूळ काय, तर कार्डांची वही.

तेव्हा क्लबच्या व्यवस्थापकानं एक वही ठेवावी, रकाने पाच: खेळाडू, नोंदणी क्रमांक, सामना, कार्ड, पुढची बंदी. सामना संपला की पंचांच्या अहवालाशी त्याच रात्री ताडून बघायची. संघाची यादी देण्याआधी वही उघडल्याशिवाय कागदावर सही करायची नाही. संघटना कळवेल यावर विसंबू नका, कळवलं नाही तरी गुण क्लबचे जातात.

दुसरी वही नोंदणीची. बेळगावच्या पोरापुढे तीन रस्ते: पाचशे किलोमीटरवर बेंगळुरूची लीग, घाट उतरला की गोवा, आणि निपाणीपुढे कोल्हापूर, जिथं शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ हजारो लोकांपुढे खेळतात. तिथूनच अनिकेत जाधव 17 वर्षांखालच्या विश्वचषकापर्यंत गेला. पण तिन्ही ठिकाणच्या राज्य संघटना वेगळ्या, कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र. एका वेळी एकाच क्लबकडे नोंद राहते आणि बदली होते ती ठरलेल्या मुदतीत, भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीतून, जुन्या क्लबच्या संमतीनं. इथल्या क्लबकडे नोंद असताना परस्पर कोल्हापूरच्या संघातून उतरलात, तर बंदी खेळाडूला आणि गुण गेले संघाचे. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला, तिन्हीवर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकच हवी. आपल्याकडे हे अवघड जातं, कारण एका कागदावर कन्नडमधून आलेलं स्पेलिंग असतं आणि दुसऱ्यावर मराठीतून. पाटील एकीकडे एका एलनं, दुसरीकडे वेगळ्याच शेवटानं. वयोगटाच्या स्पर्धेत एवढ्यावरून मुलगा बाहेर बसतो. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून मुलगा बारा वर्षांचा असतानाच, मुदत उघडायच्या आधी, तिन्ही कागद एका टेबलावर ठेवून तपासा.