डॉक्टर, ही गोळी थांबवायची कधी?

मंडळी, सुरुवातीलाच तुम्हाला थोडी मेहनत करायला लावतो. रोज एखादी व्हिटॅमिनची, ओमेगा-थ्रीची, केसांची, सांध्यांची, कसलीही ‘पूरक’ गोळी घेणाऱ्यांनी हात वर करा. लाजू नका, मी आयकर खात्याचा माणूस नाही. छान. आता ज्यांना ती गोळी डॉक्टरांनी सांगितली, त्यांनीच हात वर ठेवायचे. अजून बरेच आहेत. आणि ती कधी थांबवायची हेही ज्यांना सांगितलं होतं? एकच हात उरला. तुम्ही स्वतःच डॉक्टर आहात ना? मग तुमचा हात धरायचा नाही.

खरं तर व्याख्यान इथेच संपलं, पण संयोजकांनी पाऊण तास दिलाय, तो भरणं भाग आहे. पत्रिकेवर विषय छापलाय ‘पूरक गोळ्यांची शिफारस आणि डॉक्टरांची जबाबदारी’. त्याच्याकडे येतोच. त्याआधी एक जाहिरात सांगतो. ज्यांनी माझ्या तोंडून ती आधी ऐकली असेल त्यांनी पुन्हा ऐकावी, माझ्याकडे याहून चांगली गोष्ट नाही.

साल १९९३, देश अमेरिका. टीव्हीवर रात्रीची वेळ दाखवतात. शस्त्रधारी सरकारी पथक दबक्या पावलांनी एका घरात शिरतं. घर कुणाचं? मेल गिब्सनचं. तेव्हाचा तो केवढा मोठा नट, हे पन्नाशीच्या पुढच्यांना सांगायला नको. एवढा फौजफाटा कशासाठी, तर त्या बिचाऱ्याच्या हातात एक बाटली आहे. तो गयावया करतो की अहो, ही नुसती व्हिटॅमिन्स आहेत, व्हिटॅमिन सी, संत्र्यात असतं ते! आणि मग पडद्यावर प्रेक्षकांना सांगितलं जातं की सरकार तुमच्या गोळ्यांना औषध ठरवायला निघालंय, वेळीच जागे व्हा.

आता ही निव्वळ थाप होती असं म्हणता येत नाही, हीच तर गंमत. त्याच्या आदल्या वर्षी वॉशिंग्टन राज्यात एका डॉक्टरांच्या क्लिनिकवर एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनाने, सशस्त्र पोलिसांना घेऊन छापा घातला होता. डॉक्टर रुग्णांना व्हिटॅमिनची इंजेक्शनं देत असत. छाप्याची पद्धत इतकी आडमुठी होती की कायद्याची बाजू बरोबर असूनही सहानुभूती सगळी डॉक्टरांकडे गेली. सरकारी खात्यांना ही एक कला अवगतच असते. दुसरीकडे, १९८९ मध्ये एल-ट्रिप्टोफॅन नावाच्या पूरक गोळीमुळे दीड हजारांवर माणसं आजारी पडली होती आणि तीसहून अधिक दगावली होती. ते कुणाच्या लक्षात राहिलं? लक्षात राहिला तो मेल गिब्सन.

लोकांनी खासदारांवर पत्रांचा पाऊस पाडला. युटाचे सिनेटर ऑरिन हॅच आणि आयोवाचे टॉम हार्किन, एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष, या प्रश्नावर गळ्यात गळे घालून उभे राहिले. ऑक्टोबर १९९४ मध्ये क्लिंटन यांची सही झाली आणि नवा कायदा आला. त्याचा मथितार्थ सांगतो. औषध विकायचं तर आधी ते सुरक्षित आणि गुणकारी असल्याचं कंपनीने सिद्ध करायचं. पूरक गोळी मात्र कंपनीने सरळ बाजारात आणायची आणि ती घातक आहे हे नंतर सरकारने सिद्ध करायचं. ‘हृदयविकार बरा होतो’ असं लेबलवर लिहायचं नाही, ‘हृदयाच्या आरोग्याला साथ’ असं खुशाल लिहायचं. खाली बारीक अक्षरात एक ओळ टाकली की झालं, की या दाव्याची एफडीएने तपासणी केलेली नाही. ती ओळ वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा लावून वाचणारा माणूस ती गोळी बहुधा घेत नाही.

घातक असल्याचं सिद्ध करायला किती वेळ लागतो म्हणता? वजन उतरवण्यासाठी एफेड्रा नावाच्या वनस्पतीचा अर्क विकला जायचा. १९९७ मध्ये एफडीएने त्यावर मर्यादा घालायचा प्रस्ताव मांडला. फेब्रुवारी २००३ मध्ये स्टीव्ह बेचलर हा २३ वर्षांचा बेसबॉलपटू सरावात कोसळून गेला आणि तपासात एफेड्राचं नाव आलं. बंदी अमलात आली एप्रिल २००४ मध्ये. सात वर्षं गेली.

कुणीतरी विचारतंय, अमेरिकेचं एवढं कौतुक कशाला? कौतुक नाही हो. या वादातल्या सुनावण्या, दंड, मागे घेतलेले शोधनिबंध, सगळं तिथे लेखी सापडतं, म्हणून. बाकी गोळी आणि माणूस सगळीकडे सारखेच.

बरं, कायदा ढिला आहे म्हटल्यावर ग्राहकाला आधार कुणाचा? पांढऱ्या कोटाचा. जो शिक्का सरकारने मारला नाही तो डॉक्टर मारतात. मेहमत ऑझ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. हृदयाचे नामांकित शल्यविशारद, हातात कौशल्य, टीव्हीवर लोकप्रिय. २०१२ मध्ये त्यांनी हिरव्या कॉफीच्या अर्काची आपल्या कार्यक्रमात वजन उतरवणारी जादूची बी म्हणून तारीफ केली. ज्या अभ्यासाच्या जोरावर हे चाललं होतं, तो अवघ्या १६ जणांवरचा. अर्क पुरवणाऱ्या कंपनीनेच त्याला पैसा दिलेला. पुढे तिथल्या व्यापार आयोगाने आरोप केला की अभ्यासातले वजनाचे आकडे वारंवार बदलले गेले. कंपनीने ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं आणि २०१४ मध्ये शोधनिबंध मागे घेतला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांनी सुनावणीत ऑझ यांची चांगलीच हजेरी घेतली. वर्ष संपता संपता ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने त्यांच्या कार्यक्रमातल्या शिफारशींची झडती छापली. निम्म्याहून थोड्या कमी शिफारशींना आधार सापडला. २०२५ मध्ये हेच गृहस्थ अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याच्या खात्याचे प्रमुख झाले. यावर मी टिप्पणी करणार नाही. तुम्ही हसलात, तेवढी पुरे.

पण ऑझ हे सोपं लक्ष्य आहे. मला खरी तक्रार करायची आहे ती चांगल्या डॉक्टरांबद्दल, ‘घेऊन टाका, अपाय तर काही नाही’ म्हणणाऱ्यांबद्दल. माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. का, ते सांगतो.

थायरॉईडचा एक रिपोर्ट टेबलावर येतो. टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं संप्रेरक, वाढलेलं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं मेंदूकडचं संप्रेरक, तळाला. कागदावर सरळसरळ थायरॉईडचा अतिरेक. पण बाई समोर शांत बसल्या आहेत. हाताला कंप नाही, घाम नाही, नाडी बहात्तर. यंत्र तपासलं, नमुना पुन्हा लावला, आकडे तेच. शेवटी विचारलं, बाई, केसांसाठी काही घेता का? घेत होत्या. बायोटिन, म्हणजे एक बी-व्हिटॅमिन, दहा मिलिग्रॅम, डॉक्टरांनीच सांगितलेलं. प्रौढ माणसाची दिवसाची गरज असते साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे तीनशेपटीहून जास्त डोस. आमच्या अनेक चाचण्यांमध्ये बायोटिन हाच धागा वापरून रेणू पकडले जातात. रक्तात त्याचा पूर आला की चाचणी गोंधळते. गोळी बंद केली, काही दिवसांनी रक्त पुन्हा घेतलं, सगळं ठीक. बाईंच्या थायरॉईडला काहीच झालेलं नव्हतं. उपचार सुरू झाले असते तर मात्र झालं असतं.

हे तरी निभावलं. हृदयविकाराच्या झटक्यात जे ट्रोपोनिन तपासतात, त्याचा आकडा याच बायोटिनमुळे खोटा कमी येऊ शकतो. छातीत दुखतंय आणि रिपोर्ट म्हणतो, घरी जा. एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला, तेव्हा एका मृत्यूचीही नोंद त्यात होती. अपाय तर काही नाही म्हणे!

आणि बीटा-कॅरोटीन? गाजरातलं, अगदी निरुपद्रवी. १९९४ मध्ये फिनलंडमधल्या २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीचा निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेतली तशीच चाचणी तर १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली...

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे’. मेल गिब्सनने घात केला. बरं, मूळ विषय आता धावत.

मी पूरक गोळ्यांच्या विरोधात नाही. गरोदरपणाआधी फॉलिक ॲसिड द्यावं, हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीने ठणकावून सांगितलं. आधीच्या बाळाच्या मज्जारज्जूत दोष होता अशा स्त्रियांमध्ये तो पुन्हा होण्याचा धोका त्याने ७२ टक्क्यांनी घटला. मधुमेहावरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-ट्वेल्व्ह तपासावं, कमी असेल तर द्यावं. इथे कारण आहे, डोस आहे, मोजमाप आहे. हीच शिस्त बाकीच्या बाटल्यांना का नको? डॉक्टर म्हणतात, आम्ही नाही सांगितलं तर लोक मोबाईलवर बघून घेतील, त्यापेक्षा आमचा सल्ला बरा. मान्य. पण मग तो सल्ला औषधाच्या शिस्तीने द्या. कशासाठी, किती, कुठला आकडा बघून ठरवायचं आणि कुठल्या तारखेला थांबायचं, हे केसपेपरवर लिहा. थांबायची तारीख लिहिता येत नसेल, तर सुरू करायचं कारणही बहुधा नसतं.

पैशाचं दोन वाक्यांत. स्वतःच्या दवाखान्यात बाटल्या मांडणारे आणि व्हिडिओखाली स्वतःच्या नावाचा डिस्काउंट कोड देणारे डॉक्टर. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची आचारसंहिता सांगते की शास्त्रीय आधार नसलेली वस्तू दवाखान्यात विकू नये आणि विकण्यात हितसंबंध असेल तर तो रुग्णाला सांगावा. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. ज्या गोळीतून कमिशन मिळतं तिची शिफारस डॉक्टराने करूच नये. ‘मी सांगून टाकलं’ म्हटल्याने खुर्चीवरच्या रुग्णाचं बळ वाढत नाही. तो तुमच्यासमोर शर्टाची बटणं उघडून बसलेला असतो, तो काय घासाघीस करणार?

आणि बाटलीत लेबलवरचंच असतं हे तरी डॉक्टरांना कुठून कळणार? २०२३ मध्ये झोपेसाठी घेतात त्या मेलाटोनिनच्या २५ गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्यांच्या, उत्पादनांची अमेरिकेत तपासणी झाली, २२ लेबलं चुकीची निघाली. एकात मेलाटोनिनच नव्हतं. त्रयस्थ संस्थेची तपासणी तिथे ऐच्छिक आहे. निदान तो शिक्का तरी डॉक्टरांनी बघावा. नोंदणीचा मुद्दा राहिला, यकृताचाही राहिला, हिरव्या चहाच्या अर्कावर तर मला स्वतंत्र तास हवा.

दुसरी चिठ्ठी आलीय, तिच्यावर नुसतं उद्गारचिन्ह आहे. थांबतो. घरच्या बाटल्या आणायला सांगितलं होतं, त्या काढा. आधी मागची बाजू वाचू. आणि मगाशी हात वर ठेवलेले डॉक्टर, तुम्ही पहिले या.