पिकणाऱ्या फळाशेजारी काय ठेवाल?

नमस्कार श्रोतेहो. बाजारातून आणलेली फळं-भाजी टिकवायची कशी, यावर आज बोलूया. निवडायचं कसं, हे तुमच्या हातांना ठाऊक आहेच. दोन फळं सारख्याच आकाराची असतील तर हाताला जड लागेल ते घ्या, त्यात रस जास्त. शेंग वाकवली की कट्‌कन तुटली पाहिजे. हंगामातला माल असेल तर निवडायला फार वेळही लागत नाही. एक कळकळीची विनंती मात्र आहे: फळ अंगठ्यानं दाबून पाहू नका. आपण दाबून परत ठेवलेलं फळ दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊन सडतं. वास घ्या, देठाजवळ नाक न्या. तेवढं पुरतं.

आता मला फार आवडणारी एक गोष्ट. रशियातलं सेंट पीटर्सबर्ग शहर. दिमित्री नेल्युबोव नावाचा एक तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत, अंधारात वाटाण्याची रोपं वाढवत होता. अंधारातलं रोप उजेडाच्या ओढीनं सरळ वर जातं. बारीक, लांब, फिकट. याची रोपं मात्र बुटकी राहिली. खोडं जाडावली आणि वर जायचं सोडून चक्क आडवी वाढू लागली. बाहेरच्या हवेत वाढवलेली रोपं सरळ यायची, प्रयोगशाळेतली आडवी. म्हणजे दोष बियाण्यात नव्हता, पाण्यात नव्हता. हवेत होता!

त्या काळी दिवे जळायचे दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसवर. त्यानं प्रयोगशाळेतली हवा शुद्ध करून रोपांना दिली, रोपं सरळ झाली. मग त्या गॅसमधले घटक एकेक करून तपासले आणि गुन्हेगार हाती लागला: इथिलीन. हवेत अगदी लेशभर असलं तरी रोपाला वाकवणारा वायू. 1901 साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. शाळांमधून मुलांना फसलेला प्रयोग वहीतून खोडायला लावतात ना, ते मला अजिबात पटत नाही. तो जसा झाला तसाच लिहून ठेवू द्यावा. नेल्युबोवनं वाकडी रोपं फेकून दिली असती तर हा शोध त्याच्या हातून निसटला असता.

पुढे 1934 मध्ये रिचर्ड गेन यांनी दाखवून दिलं की पिकणारं सफरचंद हाच वायू स्वतः तयार करतं. दिव्याच्या गॅसमधला तो वायू फळाच्या पोटातही होता!

म्हणून सांगते, सफरचंद, केळी, आंबा, पपई, टोमॅटो ही मंडळी पिकताना इथिलीन सोडतात. त्यांच्याजवळ पालेभाजी ठेवली की पानं लवकर पिवळी पडतात. काकडी पिवळी होते, गाजराला कडवट चव येते. पुन्हा सांगते: पिकणारी फळं एकीकडे, पालेभाजी, काकडी, गाजर दुसरीकडे. कच्चं केळं लवकर पिकवायचं असेल तर मात्र ते पिकलेल्या सफरचंदाबरोबर कागदी पिशवीत ठेवा. द्राक्षं, संत्री, अननस, स्ट्रॉबेरी यांना ही युक्ती चालत नाही. तोडल्यावर ती गोड होत नाहीत, तेव्हा घेतानाच तयार घ्या.

कच्ची केळी आणि कच्चे टोमॅटो फ्रिजमध्ये नकोत. थंडीनं केळ्याची साल काळवंडते, टोमॅटोचा वास आणि चव जाते. बटाटे अंधारात ठेवा, उजेडात ते हिरवे होतात आणि तो हिरवा भाग खायचा नसतो. कांदे बटाट्यांपासून दूर, मोकळ्या हवेत.

पालेभाजी आणल्या आणल्या धुऊ नका, हे तर मी दर वेळी सांगते. ओली भाजी प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधली की ती सडलीच समजा. नीट निवडा, पिवळी पानं काढा, कोरड्या सुती कापडात सैलसर गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि चिरायच्या आधी धुवा. दुसऱ्या दिवशी कापड दमट लागलं तर बदला.